परतीरावरचा पहारा

परदेशगमन हा विषय आपल्या सुशिक्षित कुटुंबांत आतां नवलाचा राहिलेला नाहीं. मुलगा बोस्टनला, मुलगी मेलबर्नला, पुतण्या टोरांटोला, अशी मांडणी ज्या घरीं नाहीं, तें घर ओळखीपाळखींत शोधावें लागतें. मात्र या गमनाचें वर्णन आपण ज्या शब्दांनीं करितों ते विचार करण्याजोगे आहेत. 'तो आपल्या हुशारीनें गेला,' असें आपण म्हणतों. आणि तें खोटें आहे, असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु हुशार माणसें आपल्याकडे १९२० सालींहि होतीं व १९४० सालींहि होतीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांस हीं दारें बंद होतीं. पुढें १९६० नंतरच्या दहा वर्षांत तींच दारें एकामागून एक उघडलीं. हुशारी तीच आणि दार मात्र कधीं उघडें तर कधीं बंद, अशी स्थिति असेल, तर गमनाचें सर्व श्रेय हुशारीस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. दारावर पहारा कोणाचा होता, तो कोणास अडवीत होता, कोणास सोडीत होता व कां, हें पाहिल्याशिवाय गेलेल्यांचें मोल आपणांस नीट कळणार नाहीं आणि राहिलेल्यांचेंहि कळणार नाहीं. प्रस्तुत लेखांत या पहाऱ्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पहिला पहारा आपला स्वतःचाच होता. कोंकणचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वावरत होते. परंतु समुद्रयान कलिवर्ज्य मानलें गेल्यामुळें वरच्या जातींच्या हिंदूस समुद्र ओलांडणें म्हणजे जातीबाहेर पडण्याचा धोका पत्करणें होतें. परत येणाऱ्यापुढें प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षीं, कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या व जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कास उतरल्या. १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फिया येथें त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली. त्यांच्या चरित्रांत विरोधाच्या कथा पुष्कळ आहेत. पण तो विरोध मुख्यतः इकडचा, आपल्या गांवांतला व आपल्या भाषेंतला. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर व्हिसा दाखविण्याचा प्रसंग त्यांजवर आला नाहीं. कारण ती पद्धतिच तेव्हां तेथें अस्तित्वांत नव्हती. पुढें केतकर कॉर्नेल विद्यापीठांत शिकून आले व त्यांनीं ज्ञानकोश रचिला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगॉनांत शेतकी शिकले. हीं सर्व माणसें ज्या काळांत गेलीं त्या काळांत इकडचा पहारा सैल पडत चालला होता, आणि तिकडचा अजून पुरता उभा राहिला नव्हता.

पुरता नव्हता, असें म्हणावयाचें कारण असें कीं, त्याची पहिली चौकी आनंदीबाईंच्या आधीं एकच वर्ष, म्हणजे १८८२ सालीं, बसली होती. त्या सालीं अमेरिकेनें चिनी मजुरांस दहा वर्षेंपर्यंत देशांत येण्याची बंदी केली. बंदी मजुरांस होती. विद्यार्थी व व्यापारी यांस ती लागू नव्हती. ही वर्गवारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आज ज्यास आपण 'कुशल' आणि 'अकुशल' म्हणतों, त्या भेदाचें बीज येथें दिसतें. आणि तें कौशल्याच्या विचारांतून पेरलें गेलें नसून वर्णाच्या तिटकाऱ्यांतून पेरलें गेलें आहे.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. एकोणिसाव्या शतकांत परदेशीं गेलेला हिंदी मनुष्य म्हटला म्हणजे तो विद्यार्थी नव्हे, तो गिरमिट्या. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी कायद्यानें रद्द झाली तेव्हां उंसाच्या मळ्यांस हात हवे होते. १८३४ पासून ते हिंदुस्थानांतून नेण्यांत येऊं लागले. १८३७ च्या कायद्यानें जाणाऱ्यास सरकारी अधिकाऱ्यापुढें उभें राहून आपल्या कराराच्या अटी दाखवाव्या लागत. जुलमाची ओरड झाल्यामुळें १८३९ सालीं ही वाहतूक बंद झाली आणि मळेवाल्यांच्या गरजेमुळें १८४२ सालीं पुन्हां सुरू झाली. पुढें बंदरोबंदरीं 'संरक्षक' नांवाचा अधिकारी नेमण्यांत आला. मजूर आपल्या राजीखुषीनें जात आहे, अशी खात्री करून घेणें हें त्याचें काम. ही खात्री कागदावर होत असे, व कागद मजुरास वाचतां येत नसे. एकट्या मॉरिशस बेटांत १९१० पर्यंत सुमारे साडेचार लक्ष माणसें अशा रीतीनें उतरलीं. सर्व वसाहती मिळून हा आंकडा तेरा लक्षांच्या घरांत जातो. त्यांतील कांहीं मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी माणसें होतीं. मॉरिशसांतील मराठी समाज हा त्यांचा वंश. गणेशचतुर्थीस त्या बेटांत सार्वजनिक सुटी असते, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

या पद्धतीवर घाव घालणारांत आपले गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागीं होते. १९१० च्या फेब्रुवारींत त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळ वसाहतीसाठीं होणारी मजूरभरती बंद करावी, असा ठराव आणिला व तो मान्य झाला. १९१२ च्या मार्चमध्यें गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी, असा दुसरा ठराव त्यांनीं आणिला. तो सरकारी बहुमतानें फेटाळण्यांत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस, प्रकृति ठीक नसतांहि, ते दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले. १९१७ सालीं भरती थांबली व १९२० च्या आरंभीं फिजींतील उरलेले करार रद्द झाले. गोखल्यांच्या घरचें कोणी मळ्यावर गेलें नव्हतें. फर्ग्युसन कॉलेजच्या या माजी प्राध्यापकानें निरक्षर मजुराचा अपमान हा आपला अपमान मानिला, एवढेंच. ही गोष्ट आपण पुढें विसरलों.

इकडे वसाहतींत निराळाच प्रश्न उभा राहिला होता. करार संपलेला मजूर परत जाईना. त्याच्या पाठोपाठ स्वतःच्या खर्चानें व्यापारी येऊं लागले. मजूर हवा, शेजारी नको, अशी गोऱ्यांची वृत्ति. १८९७ च्या जानेवारींत मोहनदास गांधी व इतर उतारू ज्या दोन बोटींतून दरबानला आले, त्या बोटी बंदरांत अडवून ठेवण्यांत आल्या होत्या, आणि उतरल्यावर गांधींवर जमावानें हल्ला केला, हें प्रसिद्धच आहे. त्याच वर्षीं नाताळनें प्रवेशबंदीचा कायदा केला. त्यांत वर्णाचा अगर देशाचा उल्लेख नाहीं. येणाऱ्यास युरोपांतील एखाद्या भाषेंत अर्ज लिहितां आला पाहिजे, इतकीच अट. बादशहाच्या प्रजेंत वर्णभेद करितों, असें कायद्यांत लिहिणें लंडनच्या सरकारास अवघड वाटत होतें. ही शिक्षणाची अट त्यांस फार सोयीची वाटली, व वसाहतमंत्री चेंबरलेन यांनीं इतर वसाहतींसहि तिची शिफारस केली. १९०१ सालीं ऑस्ट्रेलियानें तिला आणखी धार लाविली: अधिकारी युरोपांतील वाटेल त्या भाषेंत पन्नास शब्द सांगणार आणि येणाऱ्यानें ते लिहून घ्यावयाचे. भाषा कोणती हें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें असल्यामुळें कोणासहि नापास करणें त्याच्या हातीं होतें. १९३४ सालीं एगॉन किश नांवाचा चेक लेखक तेथें गेला. तो राजकीय कारणासाठीं नको होता. परंतु त्याला अनेक भाषा येत होत्या. तेव्हां त्याची परीक्षा स्कॉटलंडांतील गेलिक भाषेंत घेण्यांत आली! तेथील वरिष्ठ न्यायालयानें ती परीक्षा अवैध ठरविली, तरी ही श्रुतलेखनाची पद्धत कायद्यांतून १९५८ पर्यंत हटली नाहीं.

शिक्षण ही चाळणी म्हणून प्रथम कोठें वापरली गेली, याचें हें उत्तर आहे. ती गुणाची कदर करण्यासाठीं निघाली नाहीं; नकार सभ्यपणें देतां यावा यासाठीं निघाली. इंग्रजी जाणणारा थोडा हिंदी वर्ग नाताळच्या चाळणींतून पार होऊं शके, आणि आपण पार झालों म्हणजे चाळणी न्याय्य आहे, असें त्यास वाटूं लागे. हा मोह तेव्हांपासूनचा आहे.

उत्तर अमेरिकेंत निराळी युक्ति निघाली. १९०८ सालीं कॅनडानें नियम केला कीं, येणारानें आपल्या जन्मदेशांतून मध्यें कोठेंहि न थांबतां सरळ आलें पाहिजे. शिवाय हिंदी माणसाजवळ दोनशें डॉलर असले पाहिजेत. हिंदुस्थानाचें नांव पहिल्या नियमांत नव्हतें. मात्र हिंदुस्थानाहून कॅनडापर्यंत सरळ तिकीट मिळेनासें झालें होतें. या नियमाची परीक्षा पाहण्यासाठीं गुरुदत्तसिंग यांनीं 'कोमागाटा मारू' ही जपानी बोट भाड्यानें घेतली. ३७६ उतारू, त्यांत बहुसंख्य शीख, घेऊन ती १९१४ च्या मे महिन्यांत व्हँकुव्हरच्या बंदरांत पोंचली. दोन महिने ती तेथें नांगरून पडली. पूर्वीं तेथें राहिलेले असे थोडे लोक वगळतां कोणास उतरूं दिलें नाहीं. २३ जुलैस तिला परतावें लागलें, आणि सप्टेंबरच्या अखेरीस कलकत्त्याजवळ बजबज येथें पोंचतांच पोलिसांनीं व लष्करानें केलेल्या गोळीबारांत त्या दमलेल्या उतारूंपैकीं सुमारे वीस माणसें मारलीं गेलीं. परतीरावर नकार आणि स्वतीरावर गोळी, असा तो प्रसंग होता. त्यांतील कित्येक ब्रिटिश सैन्यांत नोकरी केलेले होते.

युनायटेड स्टेट्सनें १९१७ सालीं नकाशावर रेघ ओढून आशियाचा बहुतेक भाग 'निषिद्ध प्रदेश' ठरविला. हिंदुस्थान त्यांत आला. डॉक्टर, वकील, अध्यापक, विद्यार्थी, व्यापारी, धर्मोपदेशक यांस सवलत होती. परंतु आल्यानंतर नागरिक होण्याचा मार्ग १९२३ सालीं बंद झाला. भगतसिंग थिंड हे अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेले गृहस्थ. मानववंशशास्त्राप्रमाणें आपण 'कॉकेशियन' आहों, म्हणून गोरे ठरतों, असा त्यांचा दावा. हा दावा स्वतःच आपल्या उच्चवर्णीय अभिमानावर उभा होता, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें उत्तर दिलें कीं, शास्त्र कांहींहि म्हणो, सामान्य मनुष्य ज्यास गोरा समजतो तो गोरा. आणि हिंदी मनुष्यास कोणी तसा समजत नाहीं. या निकालानंतर, पूर्वीं मिळालेलीं नागरिकत्वेंहि काढून घेण्यांत आलीं. वैष्णोदास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी. नागरिकत्व गेल्यामुळें त्यांना स्वदेशीं जाऊन येण्यासाठीं अमेरिकन पासपोर्ट मिळेना, आणि १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. थिंड व बगाई दोघेहि सुशिक्षित होते. निषिद्ध रेघेच्या पलीकडे विद्या उपयोगी पडली नाहीं.

याच सुमारास पासपोर्ट आला. पूर्वीं ती हौशी प्रवाशाची शिफारसचिठी होती. महायुद्धांत, १९१७ सालीं, हिंदुस्थान सोडणाऱ्यास तो सक्तीचा झाला, आणि युद्ध संपलें तरी तो गेला नाहीं. १९२० चा कायदा देशांत येणाऱ्यांसंबंधीं झाला. १९२२ सालीं परदेशगमनाचा नवा कायदा झाला. सरकारनें जाहीर केलेले देश सोडून अन्यत्र अकुशल मजुरीसाठीं जाण्यास त्यानें बंदी केली. या कायद्यांतील 'कुशल काम' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तींत कारागीर आहे, कारकून आहे, दुकानांतील नोकर आहे. उपाहारगृहांतील वाढपी व घरगडीहि आहेत! शेतांत उभ्या पिकाची पारख करणारा कुणबी मात्र अकुशल. यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कौशल्य हा मनुष्याच्या अंगचा गुण असेल. परंतु 'कुशल' हा शिक्का कायद्याचा आहे, आणि कायदा ज्यास जें सोयीचें त्यास तो लावितो.

स्वातंत्र्य आलें तेव्हां अमेरिकेचें दार १९४६ च्या कायद्यानें वर्षास शंभर हिंदी माणसांपुरतें किलकिलें झालें होतें. ब्रिटनचें दार १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रकुलाच्या सर्व नागरिकांस मोकळें होतें. पण आतां कुलूप इकडे लागलें. पासपोर्ट देणें न देणें ही सरकारची मेहेरबानी समजली जाई, आणि १९५० नंतरच्या दशकांत ब्रिटनकडे निघालेल्या अल्पशिक्षित माणसांस तो नाकारण्याचें धोरण आपल्या सरकारनें ठेविलें. ब्रिटिश सरकारची तशी इच्छा होतीच; त्यांत नव्या राष्ट्राची प्रतिष्ठा अशा गरीब व अडाणी माणसांनीं कमी होईल, ही आमची भीति मिळाली. नाताळची चाळणी परकीयांनीं लाविली होती. ही आम्हींच लाविली.

हें कुलूप न्यायालयानें काढलें. मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे सतवंतसिंग सॉहनी यांजकडे सरकारनें त्यांचा पासपोर्ट परत मागितला, तेव्हां ते सर्वोच्च न्यायालयांत गेले. १९६७ च्या एप्रिलांत पांचांपैकीं तीन न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, परदेशीं जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, व कायद्यावांचून तो काढून घेतां येत नाहीं. तोंपर्यंत पासपोर्ट नाकारण्याचा कायदाच नव्हता! सरकारनें त्याच वर्षीं तो केला. १९७८ सालीं मनेका गांधी यांच्या खटल्यांत तोच सिद्धान्त अधिक विस्तारानें मांडला गेला. आज विद्यार्थी पासपोर्टाच्या कचेरींत जातो तो हक्कानें जातो. तो हक्क त्याला कोणी मिळवून दिला, हें त्याच्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसतें.

आणि नेमक्या याच दशकांत परतीरावरचा पहारा बदलला. कॅनडानें १९६२ सालीं निवडींतून वर्णाची अट काढली, व १९६७ सालीं गुणांची पद्धत सुरू केली. ती आपल्या परीक्षापद्धतीसारखीच असल्यामुळें आपणांस फार मानवली. एकूण गुण शंभर; उत्तीर्ण होण्यास पन्नास. शिक्षणास वीस, म्हणजे शाळेच्या दर वर्षास एक. अधिकाऱ्याच्या मुलाखतींतील मतास पंधरा. धंद्याच्या मागणीस पंधरा. कौशल्य, वय, भाषा व ठरलेली नोकरी यांस प्रत्येकीं दहा. नातेवाईक व स्थळ यांस पांच पांच. ब्रिटनमध्यें मात्र गति उलटी होती. १९६२ च्या कायद्यानें तेथें परवान्याचे तीन वर्ग पाडले: नोकरी ठरलेले, शिक्षण अगर कौशल्य असलेले, आणि इतर. तिसरा वर्ग लवकरच बंद पडला. दुसऱ्यांतून आपले डॉक्टर गेले, व तेथील सार्वजनिक रुग्णालयें बऱ्याच अंशीं त्यांनीं चालविलीं.

अमेरिकेचा १९६५ चा कायदा सर्वांत परिणामकारक ठरला. राष्ट्रवार कोटे रद्द झाले. पूर्व गोलार्धांतील प्रत्येक देशास वर्षाला वीस हजारांपर्यंत जागा मिळूं शकत. परंतु या कायद्याचा हेतु हिंदी पदवीधरास बोलावणें हा नव्हता. बहुतेक जागा कुटुंबीयांसाठीं होत्या. व्यवसायी व शास्त्रज्ञ यांसाठीं शेंकडा दहा, आणि कामगारांच्या दुसऱ्या एका वर्गासाठीं शेंकडा दहा. जे येथें आहेत त्यांचेच भाऊबंद येतील, म्हणजे मुख्यतः युरोपियनच येतील, असा पुष्कळांचा अजमास होता. आमचे भाऊबंद तेथें नव्हतेच, त्यांना कोणी येऊं दिलें नव्हतें. म्हणून आमचे लोक व्यवसायाच्या लहान खिडकींतून शिरले, व मागाहून कुटुंबाच्या मोठ्या दारानें भावंडांना बोलावूं लागले. मग हा कायदा झाला तरी कां? १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ च्या ऑगस्टांत मताधिकाराचा झाला, आणि ऑक्टोबरांत हा झाला. घरांत वर्णभेद बेकायदा ठरल्यावर दारावर तो ठेवणें अशक्य झालें होतें. अलाबामांतील रस्त्यांवर काठ्या खाणारे काळे नागरिक हे त्या अर्थीं आपल्या पदवीधरांचे वाटाडे होत. अमेरिकेंत स्थिर झालेल्या आपल्या किती कुटुंबांत हें ऋण बोललें जातें?

दुसरें ऋण घरचें आहे. त्या काळीं परकीय चलनाची टंचाई एवढी होती कीं, जाणाऱ्याच्या हातीं अमेरिकेसाठीं आठ डॉलर अगर ब्रिटनसाठीं तीन पौंड, एवढीच शिदोरी असे. 'मुलगा आठ डॉलर घेऊन गेला,' ही कथा आपण अभिमानानें सांगतों. पण त्याच्या डोक्यांत जें होतें त्याची किंमत कोणी मोजली नाहीं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, खडगपूर व पवई येथील तंत्रसंस्था यांचा खर्च ज्या करांतून झाला, ते कर काडेपेटीवर व कापडावरहि होते. म्हणजे जो कधीं मुंबईहि पाहणार नव्हता त्यानेंहि ते भरले. जगदीश भगवती या अर्थशास्त्रज्ञांनीं १९७० नंतर अशी सूचना केली कीं, परदेशीं गेलेल्या व्यावसायिकांच्या मिळकतीवर थोडा कर बसवून तो मायदेशास द्यावा. ती अमलांत आली नाहीं. गेलेल्यांनीं पुढें पैसा, ज्ञान व ओळखी परत आणल्या, हेंहि खरें. हिशेब एकतर्फी नाहीं. पण हिशेब आहे.

तिसरी गोष्ट आखाताची. १९७३ नंतर तेलाच्या किंमती वाढल्या आणि केरळांतून, तसेंच रत्नागिरी-रायगडच्या गांवांतून गवंडी, सुतार, तारतंत्री, मोटारचालक तिकडे गेले. त्यांच्यासाठीं १९८३ सालीं नवा कायदा झाला, व जुन्या बंदरांवरचा 'संरक्षक' त्यांत पुन्हां अवतरला. ज्याची शाळा दहावीपूर्वीं सुटली त्याच्या पासपोर्टावर अशी नोंद असे कीं, ठराविक देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं त्यानें संरक्षकाची परवानगी घ्यावी. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती नको. एकाच देशाच्या दोन नागरिकांचे पासपोर्ट अशा रीतीनें निराळे झाले. हेतु रक्षणाचा होता यांत शंका नाहीं. तरीहि धन्यानें पासपोर्ट काढून घेतल्याच्या व मजुरी बुडविल्याच्या तक्रारी आखातांतून येत राहिल्या. पोलाद वितळविणारा वेल्डर आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारा पदवीधर, दोघेहि कारागीर. परंतु एकास आपण 'एनआरआय' म्हणतों, दुसऱ्याबद्दल 'दुबईला कामाला आहे' म्हणतों. पहाऱ्याची भाषा आपल्या तोंडीं इतकी बसली आहे.

आतां सुशिक्षितांकडे पुन्हां येऊं. १९९० च्या अमेरिकन कायद्यानें विशेष शिक्षणाच्या नोकरीसाठीं तात्पुरत्या व्हिशाच्या वर्षाला ६५,००० जागा ठेविल्या. २००४ सालीं त्या देशांत वरची पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २०,००० ची सोय करण्यांत आली. या व्हिशांत भारतीयांचा वांटा सर्वांत मोठा झाला. पण कायम वास्तव्याचा हिशेब निराळा आहे. नोकरीच्या आधारें वर्षाला सुमारे १,४०,००० जागा, आणि कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांस त्यांपैकीं शेंकडा सात. देश आइसलंडएवढा असो वा भारताएवढा, मर्यादा एकच. तात्पुरतें दार रुंद आणि कायमचें दार अरुंद, यामुळें मधल्या ओसरींत लाखों माणसें वर्षानुवर्षें बसलीं आहेत. घर घेतलें, कर भरले, मुलें तेथील शाळेंत वाढलीं. आणि मूल एकवीस वर्षांचें झालें कीं आईबापांच्या अर्जावरून त्याचें नांव गळूं शकतें. २०२५ च्या सप्टेंबरांत एका जाहीरनाम्यानें नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचा आकार बसविण्यांत आला, तेव्हां पहारा आपला कायमचा मित्र झाला आहे, असें समजणाऱ्या घरांत मोठी घबराट झाली. या लेखांतील इतिहास ज्यास ठाऊक आहे त्याला तीमुळें दुःख होईल, पण आश्चर्य वाटणार नाहीं. मजूर हवा, शेजारी नको, हा नाताळचा जुना न्याय. पदवीधर हा त्यास अपवाद आहे, अशी कोणी हमी दिलेली नव्हती.

म्हणून जाऊं नये काय? असें मुळींच नाहीं. मनुष्यानें सुखासाठीं, विद्येसाठीं, अपमान टाळण्यासाठीं स्थलांतर करावें. हा त्याचा हक्क आहे, व तो मोठ्या कष्टानें मिळाला आहे. २०२० च्या सुमारास भारतांत जन्मून परदेशीं राहणारांची संख्या सुमारे १ कोटी ८० लक्ष होती. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याहि देशाची नाहीं. त्यांत इंजिनियर आहेत, परिचारिका आहेत, गवंडी आहेत, खलाशी आहेत. मागणें एवढेंच आहे कीं, गेलेल्यानें आपल्या यशाचा दाखला देऊन न गेलेल्यास कमी लेखूं नये. कारण चाळणींतून जे उरले त्यांची सरासरी पाहून धान्याची जात ठरवितां येत नाहीं. आणि राहिलेल्या सुशिक्षितांनीं संसदेस, वकिलातींस व वर्तमानपत्रांस प्रश्न विचारावे ते केवळ आपल्या मुलांच्या रांगेविषयीं नव्हेत, तर आखातांत पासपोर्ट हरवून बसलेल्या सुताराविषयींहि. गोखल्यांनीं १९१२ सालीं हरणार असें दिसत असतांहि ठराव मांडला, तो ज्यांच्यासाठीं मांडला त्यांच्यापैकीं एकाचेंहि मत त्यांना मिळावयाचें नव्हतें. आपल्या वर्गाच्या पूर्वजांनीं ठेविलेला हा दाखला कोणत्याहि व्हिशापेक्षां अधिक टिकाऊ आहे. तो अद्याप मुदतींत आहे. वापरणारे मात्र कमी झाले आहेत.